बूड बसलं की नाक वर

मुलुंड (पश्चिम)

प्रिय बाळ्या,

तुझ्या ह्यूस्टनच्या जुन्या पिकअपचे फोटो मिळाले. मागून उंच, पुढून नाक खाली, म्हणून तुला आता पुढे उंच स्प्रिंगा घालून ती एका पातळीत आणायचीय. बाबा रे, त्या फोटोत हौदा रिकामा आहे! मुंबईत रिकामी पिकअप दिसते ती पासिंगच्या दिवशी.

इथलं दुखणं नेमकं उलटं. संध्याकाळी एलबीएस रोडवर उभा राहा. लाद्या, सिमेंट, भाजी, फ्रिज, वाट्टेल ते भरलेल्या बोलेरो आणि छोटे हत्ती जात असतात. बूड रस्त्याला टेकायला आलेलं, नाक आभाळाकडे आणि हेडलाइट समोरच्या रिक्षावाल्याच्या डोळ्यांत. आमचा मंडपाचा माल तर त्याहून वाईट. वासे हौद्याबाहेर लोंबतात, आणि मागच्या एक्सलच्या पलीकडे गेलेलं वजन मागची बाजू दाबतं तसंच पुढची उचलतं. स्टिअरिंग हलकं लागायला लागतं. नवख्या ड्रायव्हरला वाटतं, वा, काय मऊ गाडी आहे! पावसात जेव्हीएलआरच्या उतारावर वळण घ्यायची वेळ आली की मऊपणाचा अर्थ कळतो.

आमची पिकअप 2011 ची, एमएच-03. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांची कमान बसली होती. रिकामी असतानाही डावीकडे कलायची. पाटेवाल्या मिस्त्रींनी वाकून पाहिलं आणि इथला हुकमी इलाज सांगितला, "शेठ, एक पट्टा जादा डाल देता हूँ, फिर कितना भी भरो." बहुतेक जण हेच करतात. मी नको म्हटलं.

का, ते सांगतो. एका पाट्याचा ताठरपणा त्याच्या जाडीच्या घनाने वाढतो. जाडी दुप्पट केली की ताठरपणा आठपट. असा जाडजूड पाटा जादा घातला की भरलेली गाडी सरळ दिसते खरी, पण रिकामी परतताना प्रत्येक गतिरोधकावर मागची चाकं उडतात. आणि इंजिनाचा जोर तर त्याच दोन चाकांवर! ओल्या पेव्हर ब्लॉकवर त्यांनीच जमीन सोडली तर गाडी ढकलणार कोण? शिवाय बूड वर गेलं की प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो आणि क्रॉस लवकर जातो.

त्याहून गंभीर गोष्ट ब्रेकची. काही पिकअपना मागच्या एक्सलशी दांडीने जोडलेला एक व्हॉल्व्ह असतो. माल भरला की चासी खाली येते, एक्सलपासूनचं अंतर घटतं, आणि त्यावरून तो व्हॉल्व्ह मागच्या चाकांना जास्त ब्रेक देतो. जादा पाट्याने चासी वरच राहिली तर तो गाडी रिकामी धरून चालतो आणि भरल्या गाडीचा मागचा ब्रेक कमी करतो. ही गोष्ट गॅरेजात कुणी बोलत नाही.

पाटा वाढला तरी एक्सल, बेअरिंग, टायर तेच राहतात, आरसीवरचं वजनही तेच. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 प्रमाणे जादा मालाला 20,000 रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला 2,000.

म्हणून कंपनीच्याच मापाचे पाटे घेतले, दोन्ही बाजूंचे. एकच बाजू बदलली असती तर गाडी दुसरीकडे कलली असती. यू-क्लॅम्प आणि बुशही नवे. मिस्त्रींनी पाटे शिकंज्यात धरल्याशिवाय सेंटर बोल्टला पाना लावला नाही, कारण ताणातला पाटा सुटला तर तोंड फोडतो. शॅकलचे बोल्ट गाडी चाकांवर उतरवल्यावरच शेवटचे आवळले, नाहीतर रबरी बुश पिळलेलंच राहतं. माल भरून थोडी फिरवल्यावर यू-क्लॅम्प पुन्हा आवळून घेतले. ते ढिले राहिले की सेंटर बोल्ट तुटतो आणि एक्सल जागचा सरकतो. खरा फरक मात्र माल रचण्याने पडला. लोखंडी पाइप आता केबिनला चिकटून आणि वासे केबिनवरच्या कॅरिअरला टेकवून. ड्रायव्हर कुरकुरतो, कुरकुरू दे.

आता तुझ्याकडे. पिकअपची मागची बाजू उंच ठेवतात ती मालाने खाली बसावी म्हणून. पुढून उचलून रिकामी गाडी समतल केलीस, तर भरल्यावर ती आमच्या एलबीएसवाल्यांसारखी नाक वर करून चालेल. तू त्यात कधीमधी किराणाच भरणार असशील तर कर हौस, माझ्या मते तो नुसता दिखावा आहे. पण स्प्रिंगा बदलल्यावर अलाइनमेंट करून घे आणि हेडलाइट खाली कर. आणि दाबलेल्या कॉइल स्प्रिंगशी घरच्या शेडमध्ये एकट्याने खेळू नकोस, गॅरेजवाल्याला सरळ पैसे दे.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
विजू