एकटी म्हणजे मोकळी नव्हे

ऑफिसात बिनलग्नाची बाई म्हणजे सगळ्यांच्या हक्काची! मार्चअखेरचं काम असो की दिवाळीतली ड्यूटी, "तुम्हाला काय हो, घरी वाट बघणारं कोण आहे?" असं म्हणून फाइल तिच्याच टेबलावर येते. आणि दुपारी डबा खाताना तीच मंडळी तिला स्थळं सुचवायला पुढे!

आमच्या ऑफिसातल्या सुमनताई (नाव बदललं आहे, लिहिते आहे ते त्यांना विचारूनच) त्रेचाळीस वर्षांच्या. हिशेबात पैची चूक सापडायची नाही. त्यांच्या लग्न न करण्यावर ऑफिसात किती कथा रचल्या गेल्या! प्रेमभंग झाला, पत्रिकेत मंगळ होता, भावांनी पगारासाठी अडवून ठेवलं. एकदा त्याच मला म्हणाल्या, "अगं, यातलं काहीच नाही. मला कुणाबद्दल तसली ओढ कधी वाटलीच नाही. शरीराची नाही नि प्रेमाबिमाचीही नाही. आईवर जीव होता, भाचीवर आहे. मी सुखात आहे गं, लोकांनाच ते बघवत नाही."

शरीराची ओढ न वाटणाऱ्यांना असेक्शुअल, म्हणजे अलैंगिक, म्हणतात आणि प्रेमात पडणं ज्यांच्या स्वभावातच नाही त्यांना अॅरोमँटिक. दोन्ही एकाच माणसात असेलच असं नाही. हे ब्रह्मचर्य नव्हे. ब्रह्मचर्याचं व्रत घ्यावं लागतं, हा मुळातला स्वभाव. आजार तर नव्हेच. जी व्यक्ती स्वतःला अलैंगिक मानते तिच्यावर 'इच्छा कमी' असल्याच्या विकाराचा शिक्का मारू नये, असं अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ च्या निदानग्रंथातही म्हटलं आहे. ब्रिटनमधल्या अठरा हजारांवर लोकांच्या पाहणीचा एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात साधारण शंभरात एकाने आपल्याला कुणाबद्दलच अशी ओढ वाटली नसल्याचं सांगितलं होतं. म्हणजे सुमनताई काही जगावेगळ्या नाहीत.

तर, सलग चौथ्या दिवाळीला ड्यूटीच्या यादीत सुमनताईंचं नाव लागलं आणि त्यांनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहून पर्समध्ये ठेवला. एकवीस वर्षांची नोकरी! युनियनच्या सेक्रेटरींकडे गेल्या तर ते हसून म्हणाले, "अहो ताई, हा काय युनियनचा विषय?" पती-पत्नीची बदली एका गावी व्हावी, मुलाबाळांच्या औषधपाण्याचा खर्च मिळावा, या मागण्या युनियनने भांडून मिळवलेल्या, आणि त्या रास्तच आहेत. पण संसार नसलेल्या सभासदाला काय हवं, हे कुणी विचारलंच नव्हतं.

पुढच्या सभेत सुमनताई उभ्या राहिल्या. स्वतःच्या स्वभावाबद्दल चकार शब्द नाही. एवढंच म्हणाल्या, "वर्गणी मी पुरती भरते. मग माझी दिवाळी का नाही?" सभा गप्प झाली. सणाची ड्यूटी पाळीपाळीने लागावी, असा ठराव झाला. साहेबांनीही तो मान्य केला. आता यादी बोर्डावर लागते. मला यात आवडलं ते हे, की सुट्टी मागताना कुणालाच कारण सांगावं लागत नाही.

न्यूयॉर्क राज्याच्या २००२ च्या कायद्यात नोकरीतल्या भेदभावाबाबत 'अलैंगिक' हा शब्दच घातलेला आहे. आपल्याकडे तसा कायदा नाही. पण "एकटीला रात्री झोप लागते का?" असले शेरे कुणी मारले तर २०१३ च्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याखाली तक्रार करता येते. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कचेरीत त्यासाठी अंतर्गत समिती असावीच लागते. फंडाच्या फॉर्मवर वारस म्हणून कुणाचं नाव लावता येतं, हेही एकट्या सभासदांना युनियनने समजावून सांगावं.

आणि आपण? कुणी मागितल्याशिवाय स्थळ सुचवू नये. विश्वासाने सांगितलेली गोष्ट चहाच्या टेबलावर नेऊ नये. आपल्या घरातही एखादी नणंद, एखादा पुतण्या असा असेल. आपल्या संसारात आपण सुखी आहोत, म्हणून ते दुःखी असतीलच असं नाही.

सुमनताई अजून कामावर येतात. त्या अर्जाचं काय केलं, ते मी विचारलेलं नाही. सांगावंसं वाटलं तर त्या सांगतील.