अठरा विरुद्ध एक

अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरातला सोळाव्या रस्त्याचा पूल. उत्तरेला कृष्णवर्णीयांची वस्ती, दक्षिणेला बहुतेक पोलिश वंशाचे कामगार, मधे कारखान्यांनी भरलेलं खोरं. गावातला जुना विनोद: जगातला सगळ्यात लांब पूल हाच, आफ्रिकेहून थेट पोलंडला नेतो.

*

वेल फिलिप्स (१९२४–२०१८). पेशाने वकील. १९५६ साली मिलवॉकीच्या नगर परिषदेवर निवडून आल्या. तोवर तिथे ना बाई, ना कृष्णवर्णीय.

*

मार्च १९६२. वर्ण बघून घर नाकारण्यावर बंदी, असा प्रस्ताव वेलबाईंनी मांडला. विरोधात १८, बाजूने १. ते मत त्यांचंच. पुढे पाच वर्षांत आणखी तीनदा मांडला, तीनदा पडला. विरोधकांत असेही गोरे नगरसेवक होते, ज्यांच्या वॉर्डात कृष्णवर्णीय मतदार मोठ्या संख्येने होते. हरणारा प्रस्ताव पुन्हा पुन्हा कशाला? निदान प्रत्येकाला हात वर करून नाही म्हणावं लागतं आणि ते दप्तरी राहतं.

*

अनेक खरेदीखतांत पूर्वी अटच असे: गोऱ्यांखेरीज कुणाला विकायचं नाही. १९४८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, अशा अटीची अंमलबजावणी कोर्ट करून देणार नाही. पण दलालाने ‘घर गेलं’ म्हणून सांगितलं, तर कुठल्या कागदावर बोट ठेवणार?

*

२८ ऑगस्ट १९६७. फादर जेम्स ग्रॉपी आणि कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ‘एनएएसीपी’ या संघटनेच्या युवा शाखेची पोरं वेलबाईंच्या प्रस्तावासाठी पूल ओलांडून दक्षिणेला गेली. पलीकडे हजारोंचा गोरा जमाव; शिव्या, दगड, बाटल्या. दुसऱ्या रात्री युवा शाखेचं कार्यालय जळालं. महापौरांनी रात्रीच्या मोर्चांवर बंदी घातली. जळक्या वास्तूपाशी झालेल्या सभेत वेलबाईंना अटक झाली. मोर्चे थांबले नाहीत. मिलवॉकीचा हिवाळा अंगावर घेत सलग २०० रात्री.

*

डिसेंबर १९६७. परिषदेने अखेर कायदा केला, पण विस्कॉन्सिन राज्याच्या पळवाटांनी भरलेल्या कायद्याचीच नक्कल. बरीच घरं त्यातून सुटत होती. वेलबाईंनी विरोधात मत दिलं. पाच वर्षं ज्याच्यासाठी भांडल्या त्याच नावाचा कागद समोर आला, तरी आत काय लिहिलंय ते त्यांनी वाचलं. त्यांच्या चार हरलेल्या मतांपेक्षा मला हे मत मोठं वाटतं.

*

४ एप्रिल १९६८ला डॉ. मार्टिन लूथर किंग यांची हत्या. ११ एप्रिलला देशाचा समान गृहनिवास कायदा. ३० एप्रिलला मिलवॉकीचा, देशाच्या कायद्याहूनही कडक.

*

वेलबाई पुढे न्यायाधीश झाल्या, १९७८ साली विस्कॉन्सिनच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट म्हणून निवडून आल्या. मिलवॉकी मात्र आजही अमेरिकेतल्या सर्वाधिक वर्णविभागलेल्या शहरांत गणलं जातं. दार लावून घेणं कायद्याने बंद करता येतं. घराचं डाऊन पेमेंट कायदा भरत नाही.