एनाबाईंची गल्ली

मँचेस्टरला जाणारी आपली मंडळी काय काय पाहून येतात ते मी पुष्कळ ऐकले आहे. कोणी फुटबॉलचे मैदान पाहतो, कोणी जुने ग्रंथालय, तर कोणी नुसता पाऊस पाहून परत येतो. गेल्या वर्षी मुलीकडे गेले असताना मी तेथे एक गल्ली पाहिली. ती कोणाही पोस्टमनला सापडणार नाही, आणि जिच्यासाठी मी तेथे गेले ती म्हातारी कधी जन्मालाच आलेली नव्हती. तरी पंच्याहत्तराव्या वर्षी, गुडघे दुखत असताना, मी तिच्या दारी गेले. त्याचे कारण सांगायचे तर पन्नास वर्षे मागे जावे लागेल.

१९७३ च्या जानेवारीत, लग्नाला चार महिने झाले असताना, मी सॅलफर्डला उतरले. सॅलफर्ड म्हणजे मँचेस्टरचे जोडगाव. मध्ये फक्त अर्वेल नदी. आमचे हे तेथल्या एका इस्पितळात डॉक्टर होते, आणि नव्या डॉक्टराच्या वाट्याला रात्रपाळी ठरलेली. घर भाड्याचे होते. लाल विटांची, भिंतीला भिंत लावून उभी असलेली एकसारखी घरे, दारातून पाऊल टाकले की थेट रस्त्यावर. मागे हातभर अंगण आणि त्यापलीकडे बोळ. मी लालबागच्या चाळीत वाढलेली. माझे वडील गिरणीत साचेखात्यात कारकून होते. म्हणून मला वाटले होते की गिरणगावातून गिरणगावातच जायचे आहे, त्यात बावरण्यासारखे काय? पण चाळीत दारे उघडी असतात. येथे दारे बंद, खिडक्यांना जाळीचे पडदे, आणि दुपारी तीनलाच अंधारून येई.

तिसऱ्या दिवशी दार वाजले. शेजारच्या म्हाताऱ्या बाई होत्या. अंगात फुलाफुलांचा एप्रन, डोक्याला रुमाल. त्यांनी उभ्याउभ्याच चौकशी आरंभली. किती दिवस राहणार? नवरा रात्रीचा कुठे जातो? स्वयंपाकघरातून वास येतो तो कशाचा? देवळात जाता की चर्चमध्ये? माझे इंग्रजी कॉलेजात शिकलेले, त्यांचे लँकेशायरचे. अर्धे समजले नाही, आणि जे समजले त्याचा राग आला. मी दार लावून घेतले. पण आठवड्याने त्या पुन्हा आल्या आणि म्हणाल्या, "लव्ह, सोमवारी आणि बुधवारी साडेसातला माझ्याकडे यायचे. बोलायला शिकशील." तिकडे दुकानदारापासून ट्रामच्या कंडक्टरापर्यंत सारे 'लव्ह' म्हणत आले आहेत, आपल्याकडे कोळीण 'बाय' म्हणते ना, तसेच. मला ते ठाऊक नव्हते. मी लाजून लाल झाले, आणि गेले.

तेथे माझी एनाबाईंशी गाठ पडली.

'कोरोनेशन स्ट्रीट' ही मालिका ९ डिसेंबर १९६० रोजी मँचेस्टरच्या ग्रॅनाडा टेलिव्हिजनने सुरू केली. लिहिणारा टोनी वॉरेन हा तेव्हा अवघा चोवीस वर्षांचा, सॅलफर्डच्याच बाजूचा मुलगा. आजी, आत्या आणि शेजारणी यांच्या बोलण्यातून त्याने ती गल्ली उभी केली. आरंभी फक्त तेरा भाग काढायचे ठरले होते. एका वृत्तपत्राच्या समीक्षकाने तर हे काही चालायचे नाही असे भाकीत करून टाकले. तीच मालिका २०२० मध्ये साठ वर्षांची झाली, आणि त्याच वर्षी तिचे दहा हजार भागही पुरे झाले. समीक्षकांनी भविष्य सांगू नये ते यासाठीच.

मिसेस एना शार्पल्स ही त्या गल्लीतल्या मिशन हॉलची राखणदारीण. डोक्यावर केसांची जाळी, आपल्याकडे अंबाड्यावर घालतात तशी, पण साऱ्या डोक्यावर ओढलेली. अंगात जाड कोट. ओठ मिटलेले, आणि उघडले की समोरच्याचा निकाल. अगदी पहिल्याच भागात ती कोपऱ्यावरच्या दुकानात शिरते. दुकान नव्या बाईंनी घेतलेले असते. केक घेता घेता त्या विधवा आहेत का, प्रार्थनेला कुठे जातात, हे सारे एनाबाई विचारून घेतात. ते पुढे मी पाहिले तेव्हा मला आमच्या उंबऱ्यावरची चौकशी आठवून हसू आवरेना.

संध्याकाळी एनाबाई 'रोव्हर्स रिटर्न' या दारूच्या गुत्त्यात बसत. गुत्ता म्हटले म्हणून नाक मुरडू नका. पुरुषांच्या गलक्यापासून अलग अशी एक चिंचोळी खोली त्यात असे, तिला 'स्नग' म्हणत. तेथे बायका बसत. एनाबाई, मिनी कॉल्डवेल आणि मार्था लाँगहर्स्ट अशा तिघी म्हाताऱ्या समोर मिल्क स्टाउटचे पेले घेऊन साऱ्या गल्लीची झाडाझडती घेत. मिल्क स्टाउट म्हणजे दुधातली साखर घातलेली काळी बिअर. आपल्याकडे देवळाच्या पायरीवर वाती वळत जे चालते, तेच तेथे पेल्यावर चाले. मार्था १९६४ मध्ये त्या खोलीतच, पेल्यासमोर, गेली. मी पाहू लागले तेव्हा तिघींच्या दोघीच उरल्या होत्या.

शेजारणीच्या घरी विजेच्या मीटरमध्ये नाणे टाकावे लागे. नाणे संपले की वीज गेलीच. त्यासाठी त्यांनी कपाटावर एका कानतुटक्या कपात दहा पेन्सांची नाणी जमवून ठेवली होती. सुरुवातीची ती कॉर्नेटची उदास धून वाजू लागली की त्या बोट उचलून मला गप्प करीत. मग पुढचा अर्धा तास स्वतः अखंड बोलत. एनाबाईंवर त्यांचा फार राग. "काय ही बाई! दुसऱ्यांच्या घरात नाक खुपसते. असली शेजारीण नको गं बाई!" आणि हे म्हणताना त्यांचा डोळा जाळीच्या पडद्यातून रस्त्यावर असे.

त्यांचे कान अधू होते. तीस वर्षे त्या कापडाच्या गिरणीत मागावर होत्या. मागांच्या खडखडाटात बोललेले ऐकू येत नाही, म्हणून लँकेशायरच्या विणकर बाया ओठ हलवून बोलत आणि ओठ वाचत. ती विद्या त्यांना इतकी अवगत होती की समोरच्या फुटपाथवर दोघी काय बोलतात ते त्या खिडकीतून मला सांगत. हे ऐकले तेव्हा मला बाबा आठवले. साचेखात्यात वर्षे काढून तेही असेच घरात मोठ्याने बोलत, आणि आम्हा मुलांना वाटे ते रागावले आहेत. त्या दिवसापासून बाईंचा दरडावणीचा सूर मला टोचेनासा झाला.

१९७५ च्या हिवाळ्यात माझी मुलगी चार महिन्यांची होती. एके रात्री मला ताप भरला. हे कामावर. पहाटे दुधाची बाटली घ्यायला जिना उतरत होते एवढेच आठवते. शुद्ध आली तेव्हा उशाशी शेजारीणबाई होत्या, आणि मुलगी त्यांच्या मांडीवर बाटलीने दूध पीत होती. त्या मागच्या बोळातून अंगणात शिरून स्वयंपाकघराच्या दाराने आत आल्या होत्या. मी विचारले, "तुम्हाला कळले कसे?" त्या म्हणाल्या, "तुझा पडदा रोज आठला उघडतो. आज नऊ झाले तरी उघडला नव्हता."

म्हणजे दोन वर्षे त्या माझ्या पडद्याची वेळ टिपत होत्या. आधी कळते तर मला संताप आला असता.

१९७६ मध्ये मिनी कॉल्डवेल ती गल्ली सोडून गेली, आणि त्या चिंचोळ्या खोलीत एनाबाई एकट्या पेल्यासमोर बसल्या. त्या संध्याकाळी आमच्या बाई काही बोलल्या नाहीत. जुनी घरे पाडण्याचा सपाटा तेव्हा सॅलफर्डभर चालू होता. ज्या आर्ची स्ट्रीटवरून कोरोनेशन स्ट्रीटचे रूप घेतले, ती खरी गल्लीसुद्धा आम्ही येण्याच्या दोन वर्षे आधी, १९७१ मध्ये, भुईसपाट झाली होती. बाईंच्या मैत्रिणी एकेक करून उंच इमारतींत राहायला गेल्या होत्या. तेथे वीज आहे, गरम पाणी आहे. पण खिडकीतून ओठ वाचता येत नाहीत, असे त्या म्हणत.

एनाबाईंचे काम करणाऱ्या व्हायोलेट कार्सन यांच्याविषयी बाईंनीच मला सांगितले. १८९८ चा त्यांचा जन्म. उत्तम पियानो वाजवीत, गात. रेडिओवर मुलांच्या कार्यक्रमात त्या 'आँटी व्हाय' म्हणून साऱ्या उत्तर इंग्लंडला ठाऊक. टोनी वॉरेन लहानपणी त्याच कार्यक्रमात होता, आणि फार वटवट करतो म्हणून त्याला त्यांनी चापट मारण्याचा दम दिला होता म्हणे. मोठेपणी एना शार्पल्ससाठी कोणी बाई पसंत पडेना, तेव्हा त्याला तो दम आठवला. लग्नानंतर दोनच वर्षांत, १९२८ मध्ये, त्यांचे यजमान वारले. पुन्हा लग्न त्यांनी केले नाही. ब्लॅकपूलजवळ बहिणीसोबत त्या राहत. मिशन हॉलमध्ये एनाबाई पायपेटी वाजवायला बसल्या की कठोर तोंडाखालचे ते हात मात्र कसलेल्या वादिकेचे दिसत.

१९८० च्या एप्रिलमध्ये एनाबाई सेंट ॲन्सला समुद्रकाठी राहायला म्हणून गेल्या. निरोपसमारंभ नाही, रडारड नाही. त्या परत यायच्याच होत्या; पण कार्सनबाई आजारी पडल्या, आणि एनाबाई पुन्हा आल्या नाहीत. आम्हीही त्याच मे महिन्यात भारतात परतलो. निघताना बाई दारात उभ्या होत्या. "एना येईल गं परत," त्या म्हणाल्या. मी पत्र पाठवण्याचे वचन दिले.

दोन पत्रे पाठवली. मग सासूबाईंचे आजारपण, दुसरे मूल, पुण्यातले नवे घर. बाईंचे नाताळचे कार्ड मात्र दर वर्षी येई. १९८४ च्या जानेवारीत कार्ड उशिरा आले, आणि त्यात वर्तमानपत्राचे एक कात्रण होते. २६ डिसेंबर १९८३ रोजी व्हायोलेट कार्सन वारल्या होत्या. खाली वेड्यावाकड्या अक्षरांत एकच ओळ : आता मी एकटीच. त्या पत्राला उत्तर द्यायचे असे मी रोज ठरवले. पुढच्या नाताळात कार्ड आले नाही.

गेल्या वर्षी मुलगी मला मीडियासिटीला घेऊन गेली. जेथे जहाजांच्या गोद्या होत्या तेथे आता काचेच्या इमारती आहेत. कालव्यावरचा पादचारी पूल ओलांडला की पलीकडे ती गल्ली. पूर्वी ती शहरात क्वे स्ट्रीटला होती, पुढे येथे नवी बांधली. एका टोकाला रोव्हर्स रिटर्न, दुसऱ्या टोकाला दुकान, मध्ये सात घरे, खाली दगडी फरसबंदी. सारे अगदी खरे वाटते. पण दारामागे घर नाही; आतले प्रसंग स्टुडिओत चित्रित होतात. आम्हाला हिंडवणाऱ्या तरुणाने प्रत्येकाला आवडते पात्र विचारले. कोणी काही, कोणी काही नावे घेतली. मी म्हणाले, "एना शार्पल्स." तो मुलगा अदबीने हसला. मात्र मागून माझ्याच वयाच्या एका इंग्रज बाईंनी माझ्याकडे पाहून दोन्ही हातांनी डोक्यावर जाळी ओढल्याची खूण केली, आणि आम्ही दोघी अनोळखी म्हाताऱ्या भर गल्लीत खदखदून हसलो.

परतताना मी मुलीला आमच्या जुन्या घराकडे गाडी न्यायला सांगितली. तेथे मोटारी उभ्या करण्याची मोकळी जागा आहे. मी खाली उतरले, अंदाजाने जिथे बाईंची खिडकी असावी तिथे जरा वेळ उभी राहिले, आणि चाळीस वर्षांचे ते उत्तर मराठीतच मनात म्हटले. लेक गाडीत बसून होती. तिच्या पहिल्या दुधाच्या बाटल्यांपैकी एक कोणी पाजली हे मी तिला त्या दिवशी सांगितले.

आता मी पुन्हा पुण्यात आहे. आमच्या सोसायटीतली मुले मला पाठीमागे 'सीआयडी' म्हणतात, हे मला ठाऊक आहे. सूनबाईंनीही मागे हळूच सुचवले होते, "आई, हल्ली लोकांना असे प्रश्न आवडत नाहीत." म्हणून मी वर्षभर तोंड मिटून होते. समोरच्या घरात एक नवे जोडपे राहायला आले आहे. नवरा रात्रपाळीला जातो. मुलगी कुठली, काय, मला माहीत नव्हते, विचारलेच नव्हते.

परवा सकाळी दहा वाजले तरी त्यांच्या दाराच्या कडीला दुधाची पिशवी तशीच लोंबत होती. रोज ती साडेसातला आत जाते. मी चपला घातल्या आणि घंटी वाजवली. दुसऱ्यांदा वाजवली. बऱ्याच वेळाने दार फटीएवढे उघडले. मुलगी झोपेतून उठून आली होती, ठणठणीत होती. मी पिशवी तिच्या हातात दिली, आणि उभ्याउभ्याच विचारले, "गाव कुठले तुझे? माहेरी कोण कोण असते? आणि रात्री एकटी जेवतेस का?"

तिच्या कपाळाला आठी पडली. ती मी चांगली ओळखते. पन्नास वर्षांपूर्वी माझ्याच कपाळाला पडली होती. मी तिला सांगून आले की संध्याकाळी साडेसातला चहाला यायचे.