केडगाव : मुलींना बालशिक्षिका करणारं गाव

जबलपूरहून पुण्याला येताना इटारसी, भुसावळ, मनमाड मागे टाकून दौंड गाठलं की पुढे थोड्याच अंतरावर केडगाव लागतं. तोवर बरेच जण सामान आवरत असतात. पण एकदा मुद्दाम इथे उतरा. आपल्या भागाचं या गावाशी जुनं नातं आहे. १८९६-९७च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात फिरल्या आणि उपाशी, निराधार मुलींना सोबत घेऊन आल्या. जबलपूर तेव्हा याच प्रांतात होतं. त्या मुलींसाठी केडगावच्या शेतजमिनीवर मुक्ती मिशन उभं राहिलं.

रमाबाई म्हटलं की विधवांचा आश्रम आठवतो, बालवाडी नाही. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि तिथेच फ्रोबेलची किंडरगार्टन पद्धत शिकल्या. लोकरीचे रंगीत चेंडू, लाकडी ठोकळे, गाणी, बागकाम. छडीला इथे काही काम नाही. मराठी पाठ्यपुस्तकंही त्यांनी तिथेच तयार करायला घेतली. बालविधवा शिक्षिका झाली, तर ती कुणाच्या दारची आश्रित राहणार नव्हती. ज्यांच्या घरी तिचं तोंड बघणं अशुभ, त्यांचीच मुलं तिच्याकडे धडे गिरवणार होती!

जपानमार्गे परतून ११ मार्च १८८९ला त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडलं. त्याच वर्षी जपानच्या कोबे शहरात ॲनी हाउ या अमेरिकन मिशनरी बाईंनी जपानी तरुणींना बालशिक्षिका करणारी शाळा काढली. फ्रोबेलचं लेखन त्यांनी जपानीत आणलं.

सदन पुढे पुण्यात आलं आणि वादात सापडलं. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्यावर १८९३ मध्ये रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. त्यांचा राग समजू शकतो, पण शिक्षण थांबलं ते मुलींचंच.

केडगावातही किंडरगार्टनचे वर्ग होते, शिक्षिका घडवल्या जात होत्या. थोरल्या मुली धाकट्यांना शिकवत. छापखानाही बायकाच चालवत. रमाबाईंनी मराठीत आणलेल्या बायबलचे खिळे त्यांनीच जुळवले.

मिशनचं काम आजही चालू आहे. आत मुली आणि स्त्रिया राहतात, म्हणून आधी परवानगी घ्या आणि विचारल्याशिवाय त्यांचे फोटो काढू नका. चर्च पाहायला मात्र विसरू नका.