बेन लेडी आणि अम्मीचा हंडा

मुलीकडे स्कॉटलंडला गेलो होतो. तिथल्या एका संग्रहालयात डी. वाय. कॅमेरॉन यांचं ‘बेन लेडी’ पाहिलं. १९११ सालचं मुद्राचित्र. विषय म्हणाल तर साधा, ८७९ मीटर उंचीचा एक डोंगर. पण त्यातला काळोख मखमलीसारखा. मी तिथून हलेना.

मुलीने समजावून सांगितलं. काही काम अ‍ॅसिडने कोरलेलं, काही ‘ड्रायपॉइंट’चं. म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर नुसत्या टोकदार सुईने ओरखडा काढायचा. रेषेच्या काठाला तांब्याची खरबरीत कड उठते. शाई तिच्यात अडकते आणि कागदावर तो मऊ काळोख उतरतो. मात्र छापताना दाबाखाली ती कड झिजते. पहिले थोडेच ठसे असे गडद निघतात.

ती कड माझ्या ओळखीची होती. अब्बा छिन्नीने भांड्यांवर नावं घालायचे. आम्ही तिला ‘बर’ म्हणायचो. गिऱ्हाइकाचा हात कापू नये म्हणून अब्बा ती घासून काढत. अम्मीच्या हंड्यावर मात्र ती राहून गेली. “माझंच नाव मला बोचतं,” अम्मी कुरकुरायची. चाळीस वर्षं राखेने, चिंचेने घासून ते नाव पुसट झालं.

अम्मी गेल्यावर तो हंडा मीच मोडीत घातला. नाव वाचता येत नाही, मग ठेवायचा कशाला, असं वाटलं होतं.

“अब्बा, एवढं काय पाहताय?” मुलीने विचारलं. मी तिला दादीच्या हंड्याची गोष्ट सांगितली. तो मोडीत कुणी घातला, ते मात्र घरी पोहोचेपर्यंत सांगता आलं नाही.