मृगातील पाहुणे आणि त्यांची नावे

मृग नक्षत्र लागले की नांदेडहून लोहा, अहमदपूरमार्गे लातूरला जाणारा रस्ता पाहण्यासारखा होतो. पहिल्या सरींनंतर ऊन पडते आणि बालाघाटाच्या काळ्या रानात, बांधाच्या कडेने, लाल मखमलीचे ठिपके चालू लागतात. हाच मिरगाचा किडा. संस्कृतात त्याला इंद्रगोप म्हणतात. इंद्र ज्याचा राखणदार, तो. आठ पाय असल्याने शास्त्रदृष्ट्या तो कीटक नव्हेच, कोळ्याच्या गोत्रातला आहे. उत्तराध्ययन सूत्राच्या शेवटच्या अध्ययनात त्रींद्रिय जीवांच्या नामावळीत ‘इंदगोवग’ या नावाने त्याची नोंद आहे.

मृग हा शब्दही मौजेचा आहे. त्याचा मूळ अर्थ कोणताही वन्य पशू. म्हणून सिंह मृगराज आणि माकड शाखामृग. फारसीत त्याचाच भाऊबंद ‘मुर्ग’ पक्षी होऊन बसला. त्याची वाट पुढे भटारखान्याकडे वळते, तेव्हा आपण इथेच थांबावे हे बरे.

मिरगाच्या किड्यामागून येतो तो वाणी. तपकिरी, असंख्य पायांचा. बोट लागताच वेटोळे करून नाण्यासारखा पडून राहतो, म्हणून त्याला ‘पैसा’ असेही म्हणतात. वाणी म्हणजे बोलणे आणि वाणी म्हणजे व्यापारी, हे दोन अर्थ आपणांस ठाऊक. हा तिसरा वाणी मात्र मुका आहे. एरवी कुजका पालापाचोळा खाऊन तो मातीचे भले करतो, पण संधी मिळाली की उगवते बीही कुरतडतो. कर्जखाती पाहण्यात उमेद गेलेल्या माणसाला हा स्वभाव अगदीच अनोळखी वाटत नाही!

‘गोगलगाय नि पोटात पाय’ ही म्हण लातूरकरांना 2022 च्या पावसाळ्यात निराळ्याच अर्थाने कळली. त्या वर्षी गोगलगायींनी लातूर, बीड, उस्मानाबादकडील सोयाबीनचे कोवळे अंकुर फस्त केले. कित्येकांना दुबार पेरणी करावी लागली. बियाणे, खत आणि मजुरी दोनदा, पीक मात्र एकदाच. हा हिशेब करायला वाणिज्य शाखेची पदवी लागत नाही.

वाणी व्यापारी आणि वाणिज्य, दोन्ही ‘वणिज्’ या एकाच शब्दाची लेकरे. त्याच घरातला आणखी एक शब्द म्हणजे विषवाणिज्य. श्रावकाने वर्ज्य करावयाच्या पंधरा कर्मादानांत तो येतो. कृषी सेवा केंद्र चालविणाऱ्या आपल्या बांधवांना हा शब्द टोचतो, आणि गोगलगायीच्या विषारी गोळ्या मागायला दारी आलेल्या शेतकऱ्याचा चेहराही टोचतो. त्याला रिकाम्या हाताने परत पाठवणे मला तरी धर्म वाटत नाही. मात्र गोळ्यांचा पुडा हाती देण्यापूर्वी, त्या कुत्र्यांनाही घातक असतात हे सांगावे. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे संध्याकाळी बांधावर अंथरली तर सकाळी गोगलगायी त्यांखाली गोळा झालेल्या सापडतात, हेही सांगावे. गोणपाटे तर आपल्या आडतीत पडूनच असतात.