असीरगडाच्या पायथ्याशी

अकबर बादशहाचे नाव आमच्या घरी आदराने घेतले जाई. बादशहाने गोव्याहून येशूसंघीय धर्मगुरूंना बोलावून घेतले, त्यांच्याशी रात्र रात्र चर्चा केली, पवित्र मरियेच्या चित्रापुढे मस्तक लवविले, या गोष्टी आम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकल्या होत्या आणि नंदुरबारच्या बाजारात शेजाऱ्यापाजाऱ्यांना फुशारकीने सांगितल्याही होत्या. तोच अकबर इ. स. १६०० मध्ये आपल्या खानदेशाचे राज्य बुडविण्यासाठी बुऱ्हाणपुरास येऊन बसला होता आणि त्याच्या छावणीत आपलेच एक फादर होते, हे आम्हांस केस पिकल्यावर कळले.

खानदेशावर फारुकी घराण्याने दोनशेहून अधिक वर्षे राज्य केले. मलिक राजाने इ. स. १३८२ मध्ये तापीकाठच्या थाळनेरास त्याचा पाया घातला. एका अंगाला गुजरात, दुसऱ्या अंगाला माळवा, दक्षिणेस आधी बहामनी आणि पुढे निजामशाही. अशा बलाढ्य शेजाऱ्यांत हे लहानसे राज्य कधी लढून, कधी खंडणी देऊन, कधी सोयरीक जुळवून तगले. आमचा सुलतानपूर-नंदुरबारचा मुलूख म्हणजे त्याचा सदा ओढाताणीत सापडलेला पदर. मलिक राजाने तो घेऊ पाहिला, तेव्हा गुजरातच्या फौजेने त्याला थाळनेरापर्यंत पिटाळले. सोळाव्या शतकात गुजरातच्या महमूदशहाने तो खानदेशाच्या मुबारकशहास देऊन टाकला. पुढे ‘आईन-ए-अकबरी’त पाहावे, तर नंदुरबार हे माळवा सुभ्यातील एक सरकार म्हणून नोंदलेले! येथील भिल्लांना यांपैकी एकाही वेळी कोणी विचारले नसेल.

शेवटचा राजा बहादुरशहा. त्याचा बाप राजा अली खान याने मोगलांचे वर्चस्व मान्य केले होते. इ. स. १५९७ मध्ये गोदावरीकाठी सोनपेठजवळच्या लढाईत तो मोगलांच्याच बाजूने लढता लढता पडला. परंतु तो शत्रूस मिळाला असावा, या संशयाने मोगल सैनिकांनी त्याचीच छावणी लुटली. त्याचे प्रेत दुसऱ्या दिवशी रणांगणावर सापडले. अशा बापाच्या मुलाने शाहजादा दानियाल बुऱ्हाणपुरावरून जात असता त्याच्या भेटीस जाण्याचे टाळले, यात आम्हांस तरी नवल वाटत नाही. बहादुरशहा थोर पुरुष नव्हता. दरबारी इतिहासकारांनी त्याला आळशी आणि व्यसनी ठरविले आहे, आणि ते सगळेच खोटे असेल असे नाही. तरीही त्याने असीरगडाचे दरवाजे लावून घेतले आणि हिंदुस्थानच्या बादशहाला कित्येक महिने खाली ताटकळत ठेवले.

बादशहाच्या छावणीत फादर जेरोम झेवियर आणि त्यांचे सोबती बंधू बेंतो द गोइश होते. हे फादर संत फ्रान्सिस झेवियर यांच्याच घराण्यातले, नात्याने त्यांचे नातू लागणारे. गड तोफांवाचून पडत नाही असे दिसताच अकबराने त्यांना चौलच्या पोर्तुगिजांकडे तोफांसाठी पत्र लिहावयास सांगितले. फादरांनी नकार दिला. असे करणे आपल्या ख्रिस्ती धर्मास सोडून होईल, असे त्यांनी सांगितले. बादशहा इतका संतापला, की त्याने त्यांना समोरून जाण्यास फर्माविले. राग पुढे निवळला, ही गोष्ट वेगळी.

आमचे मन येथे अडखळते. पोर्तुगिजांचे खानदेशाशी सख्य होते आणि गडावर काही पोर्तुगीज लोक बहादुरशहाच्या चाकरीत होते. तेव्हा फादरांच्या नकारात धर्म किती आणि गोव्याचे राजकारण किती? दोन्ही होते, असेच आम्हांस वाटते. पण ज्याच्या छत्राखाली राहावयाचे, ज्याच्या एका शब्दावर लाहोरच्या मिशनचे भवितव्य अवलंबून, त्याला तोंडावर ‘नाही’ म्हणणे सोपे नव्हते.

डिसेंबर १६०० मध्ये बहादुरशहा गड उतरून आला. गडावर रोगराई माजली म्हणून तो आला, असे फारसी ग्रंथ सांगतात. येशूसंघीयांच्या पत्रांवरून द्यू जारिक यांनी फ्रेंच भाषेत लिहिलेल्या इतिहासात मात्र असे आहे, की बादशहाने सुखरूप परत पाठविण्याची शपथ वाहून त्याला बोलाविले व मग अडकवून ठेवले, आणि अखेर सोन्यारुप्याने गडाचे दरवाजे उघडविले. व्हिन्सेंट स्मिथ यांनी हीच हकीगत खरी मानली. इतर काही अभ्यासकांनी ती नाकारली. आम्ही फादरांच्या बाजूने झुकतो, पण पूर्वीच्या फुशारकीने नव्हे.

१७ जानेवारी १६०१ रोजी गड पडला. गडावर सापडलेले पोर्तुगीज फादरांनी बादशहाकडून मागून घेतले. बहादुरशहाला मागून घेणारे कोणी नव्हते. त्याला कैदेत उत्तरेकडे नेण्यात आले आणि इ. स. १६२४ मध्ये आग्र्यास तो मरण पावला.

दानियालच्या सन्मानार्थ बादशहाने खानदेशाचे नाव बदलून ‘दानदेश’ ठेवले. दानियाल अवघ्या काही वर्षांत बुऱ्हाणपुरास दारूपायी मेला. परवा आम्ही शहाद्याच्या एस.टी. स्थानकावर एका म्हाताऱ्या गृहस्थांना हे नाव सांगून पाहिले. त्यांनी आमच्याकडे निरखून पाहिले आणि विचारले, “ते कोठे आले?”